सोपानकाकांचं बिनविजेचं मशीन

आमच्या शेजारच्या सोपानकाकांना घरी बोलवायचं असेल तर आधी आपले काचेचे पेले तपासून घ्यावेत. पाणी दिलं की ते एका दमात पितात, "गार हाय" म्हणतात आणि रिकामा पेला उजेडाकडे धरून उलटा करतात. आत उरलेलं पाणी सलग, अखंड खाली उतरलं तर काका म्हणतात, "चादर." तेच पाणी थेंब थेंब होऊन काचेला चिकटून बसलं तर म्हणतात, "मोती." चादर म्हणजे पेला स्वच्छ. मोती म्हणजे कुठंतरी ओशटपणा राहिला, आणि तो जिच्या हातून राहिला तिनं मान खाली घालावी.

मग दहापैकी गुण मिळतात. लग्न होऊन मी परभणीला या घरात आले, त्याच आठवड्यात काका नवी सून बघायला आले आणि मला चार गुण देऊन गेले. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना चार गुण देताना माझा हात कधी अडखळला नव्हता, पण चारात काय दुःख असतं ते त्या दिवशी कळलं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, काका गेल्यावर म्हणाल्या, "मनावर घेऊ नको. कलेक्टरच्या घरी गेले तरी ते आसंच करतील." ते खरं होतं. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामाला सगळ्यांदेखत मोती दाखवले होते.

काकांचा जन्म देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यातला, पण सगळी नोकरी झाली परभणीत, एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. पोरं प्रयोग करून निघून जायची आणि मागे उरलेल्या परीक्षानळ्या, बाटल्या, काचपात्रं काका धुवायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही आणि त्याची त्यांना तसूभर खंत नाही. उलट त्यांचं म्हणणं असं की विज्ञान म्हणजे मुळात धुणंच. नळी घाण असली तर कितीही मोठा शास्त्रज्ञ नापास.

निवृत्त झाल्यावर काकांनी घरातली मोरी ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला. आठ पेले धुवायला त्यांना पाऊण तास लागायचा, कारण प्रत्येक पेला तीनदा विसळून उजेडाकडे धरायचा असायचा. काकूंनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि सांगितलं, की माझ्या मोरीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. काकू तशा शांत बाई, पण मोरीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काका बिचारे अंगणातल्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलांकडे बघत दिवस काढू लागले.

अशात एक दिवस भंगारवाल्या रहीमचाचांचा निरोप आला. हैदराबादच्या कुण्या डॉक्टरच्या बंगल्यातलं सामान त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यात एक वस्तू अशी होती की तिचं काय करायचं ते त्यांना उमगेना. काकांना बघताच चाचा म्हणाले, "काका, ये क्या है मेरे कू भी नै मालूम. तुमारे काम का दिखता."

वस्तू गमतीशीर होती. पिठाच्या मोठ्या डब्याएवढं, हळदी रंगाचं, प्लास्टिकचं गोल पिंप. वर पारदर्शक घुमटासारखं झाकण. आत तारेची जाळी, जाळीखाली भोकं पाडलेली एक पात्याची फिरकी आणि पाठीमागे दोन नळ्या. वायर नाही, बटण नाही, मोटार नाही. गल्लीत तज्ज्ञांची कमतरता नव्हती. कुणी म्हणालं लोणी काढायचं आहे, कुणी म्हणालं बाळाचे कपडे धुवायचं. आत्याबाई म्हणाल्या, मटकीला मोड आणायचं असणार. शेवटी झाकणाच्या कडेला पुसट इंग्रजी अक्षरं सापडली आणि ती वाचायला मला बोलावलं. एक नळी पाण्याच्या नळाला लावा, दुसरी मोरीत सोडा, जाळीत ताटवाट्या ठेवा, नळ उघडा. पाण्याच्या जोरावर फिरकी फिरेल आणि भांडी धुतली जातील. विजेची गरज नाही.

मी वाचून दाखवलं तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते खाली बसले, फिरकीला बोटानं हलकेच ढकललं आणि म्हणाले, "बाई, पाणी आपल्याहून शाणं हाय. आपुन निस्ती वाट करून द्यायची." त्या दिवसापासून हे त्यांचं पालुपद झालं.

वाट करून देणं तितकं सोपं नव्हतं. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यातून कधीतरी, आणि आलं तरी पाय ओढत येतं. पहिल्या दिवशी सगळी गल्ली जमली. काकांनी नळ सोडला. फिरकीनं एकदा कूस बदलली आणि ती पुन्हा निजली. मग काकांनी बोअरची मोटार थेट मशीनला जोडली. या वेळी फिरकी फिरली, पण झाकणही उडालं, आणि काकूंची माहेरची कपबशी आमच्या अंगणातल्या सदाफुलीत येऊन पडली. कप फुटला, बशी वाचली. काकूंनी बशी उचलली, पदरानं पुसली आणि काही न बोलता घरात गेल्या. ते न बोलणं काकांना आठ दिवस पुरलं.

पण माणूस हटला नाही. त्यांनी हिशेब केला की पाणी उंचावरून यायला पाहिजे, ना कमी ना जास्त. लोखंडी अँगलचा मनोरा करून त्यांनी तो जिन्याच्या खोलीवर उभा केला आणि त्यावर निळं पिंप चढवलं. लोकांना वाटलं मोबाईलचा टॉवर बसतोय. दोघांनी तर रेंज किती येईल ते विचारलं. मी एकदा सहज म्हणाले, की काका, पिंपात पाणी चढवायला मोटार लागतेच ना, मग बिनविजेचं कसं? काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "वीज मोटार खाती, बाई. मशीन न्हाई खात. दुसऱ्याच्या जेवनाचा आळ मशीनवर कामून घेता?"

आणि मशीन चाललं. अगदी झकास चाललं. झाकणातून बघावं तर आत पाण्याचा नुसता गोल पाऊस. बंबातलं गरम पाणी वरच्या पिंपात कसं चढवायचं हा प्रश्न होता, तो काकांनी मनोऱ्याला कप्पी लावून सोडवला. बादली दोरीनं वर. धुतलेलं सांडपाणी कढीपत्त्याच्या आळ्यात. सगळी व्यवस्था अशी चोख की आमच्या शाळेची सहल आणून दाखवावी.

आता मुद्द्याचं. भांडी निघतात किती स्वच्छ? हा प्रश्न मला लोक अजून विचारतात, आणि मी विज्ञानाची शिक्षिका असल्यानं खरं उत्तर देते. काचेचे पेले, कपबश्या, स्टीलची ताटं, चमचे यांत मशीनचा हात धरणारं कुणी नाही. बोअरच्या जड पाण्यानं आमच्याकडे काचेवर पांढरी पुटं चढतात, ती काकांनी चिमूटभर लिंबूसत टाकून अशी उतरवली की आत्याबाईंनी स्वतःचेच पेले ओळखले नाहीत. वरणाच्या वाट्या बऱ्या निघतात. भाकरीचं पीठ वाळलेली परात मात्र मशीनला झेपत नाही, मुळात ती आत मावतच नाही. तांब्याचं तोंड अरुंद, त्यामुळे आत पाणी पोचत नाही. आणि पिठल्याची कढई म्हणजे मशीनचं मरण. खाली लागलेली खरवड फिरकीला भीक घालत नाही.

काकांना हे मान्य नव्हतं. काका मागच्या दारावर खडूनं रोजचे गुण लिहायचे. पिठल्यापुढे पहिल्या दिवशी तीन आले, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, की दोष मशीनचा नसून पिठल्याचा आहे, आणि काकूंना लागणार नाही असं पिठलं करायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "सैपाक माणसासाठी करू का मशीनसाठी, एकदा ठरवा." त्यानंतर आठच दिवसांत दारावरचे गुण भराभर वाढले. सात, आठ, एकदा चक्क दहा. काका आनंदानं फुलून गेले. मी मात्र माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. काका वर पिंप भरायला गेले की काकू मोरीत बसून कढई राखेनं घासायच्या, लख्ख करायच्या, तिला वरून थोडंसं पिठलं पुसायच्या आणि मशीनपाशी ठेवून द्यायच्या. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली तेव्हा त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मीही आजवर तोंड उघडलं नव्हतं.

हे सगळं असं मजेत चाललं असताना आमच्या घरी रेखा आली.

रेखा माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. पुण्याला एका कंपनीत नोकरीला होती. खोकला, बारीक ताप, वजन उतरलेलं. तपासणीत टीबी निघाला. औषधं सुरू करून ती विश्रांतीला घरी आली. इथल्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं होतं, की औषध सुरू होऊन पुरेसे दिवस झालेत, नवी तपासणी चांगली आली आहे, आता तिच्यापासून कुणाला लागण नाही. ताटवाटीतून तर हा आजार पसरतच नाही. मी मान डोलावली. हे तर मी वर्गात शिकवते.

पण आत्याबाईंनी तिचं ताट वेगळं केलं. त्यांना लेक नको होती असं नाही. तिच्यासाठी त्या रोज दुधात खारीक उकळत, अंडी खायला घालत, ती झोपली की पायथ्याशी बसून राहत. पण घरात माझी चार वर्षांची चिऊ होती, आणि आत्याबाईंच्या सख्ख्या चुलतीला त्यांनी लहानपणी याच आजारात जाताना पाहिलं होतं. आमची ताटं लग्नात आलेली, सहाही एका साच्याची. एक दुसऱ्यात मिसळू नये म्हणून आत्याबाईंनी रेखाच्याच नखपालिशनं एका ताटाच्या मागे लाल ठिपका दिला. ते ताट मागच्या खिडकीत, एकटं. रेखा पाठीमागच्या दाराशी बसून जेवायची आणि अंगणातल्या बोअरच्या नळावर स्वतःचं ताट स्वतः धुवायची.

मी काय केलं? काही नाही. मी सून, त्या सासू, हे कारण मी स्वतःला सांगत राहिले. नवरा सेलूला नोकरीला, रविवारी यायचा, तो म्हणायचा, आईला दुखवू नको, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. पण खरं सांगायचं तर कुठंतरी मलाही चिऊसाठी भीती वाटत होती. पुस्तकात शिकवलेलं पोटात उतरत नाही, ते असं. रेखा तक्रार करत नव्हती, पण दिवसेंदिवस ती कमी बोलू लागली आणि तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. औषधाच्या गोळ्या घ्यायलाही तिला आठवण करून द्यावी लागायची. डॉक्टर म्हणाले, औषध काम करतंय, पण पोरीनं मनानं उभारी धरली पाहिजे. ती उभारी त्या खिडकीतल्या ताटात अडकली होती आणि ते मला दिसत होतं.

आमच्या आणि काकांच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. भांड्यांच्या माणसाची नजर भांड्यावर जाणारच. चार-पाच दिवस त्यांनी रेखाला एकच ताट धुताना पाहिलं. एकदा मला विचारलं, की ती एकच ताट कशी काय धुते, बाकीची कोण धुतं? मी सांगितलं. काकांनी दारापाशी ठेवलेला खडू उचलला आणि परत ठेवला.

त्या रविवारी ते दुपारच्या जेवणानंतर आमच्या ओसरीवर येऊन बसले. आत्याबाईंचा तोवर मशीनवर चांगला जीव बसला होता. चहाचे कप त्या रोज भिंतीवरून तिकडे पाठवत आणि मग मला सांगत, की काही म्हण, चकाकी वेगळीच येते. काकांनी त्यांच्यापुढे मागणी ठेवली. आजवर मशीन पूर्ण भरून चाललेलंच नाही. त्यांच्या घरी दोघंच, सहा ताटं एका वेळी पडत नाहीत. तेव्हा आमची सहाही ताटं त्यांना पाहिजेत.

आत्याबाई म्हणाल्या, पाच न्या.

"वैनी, सा ताटाची जाळी हाय. एक जागा मोकळी राहिली की पानी तिरपं जातंय. सहावं बी लागंल."

आत्याबाईंनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ते न्हाई, सोपानराव. ते ताट तुमाला ठाऊक हाय कुनाचं हाय."

"ठाऊक हाय. म्हनून तर मागायलोय. पानी आज उकळतं ठिवलंय. तुमी समोर उभ्या राहा आन डोळ्यानं बघा. चादर न्हाई पडली तर मशीन रहीमचाचाला परत."

मशीन पणाला लावलेलं पाहून काकूसुद्धा बाहेर आल्या. रेखा दाराआडून ऐकत होती. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मागच्या खिडकीतलं ताट स्वतः उचलून आणलं. टोपलीत ठेवताना मात्र त्यांनी मध्ये वर्तमानपत्राचा कागद घातला.

काकांच्या अंगणात आम्ही सगळे जमलो. काकांनी सगळ्यांना बाजेवर बसवून चहा दिला, पाणी तापायला वेळ आहे म्हणाले, आणि स्वतः आमच्याकडे पाठ करून एकेक ताट जाळीत लावत बसले. बराच वेळ लावला. मग कप्पीवरून गरम पाणी वर गेलं, तोटी उघडली आणि फिरकी सुरू झाली. झाकणातून सहा ताटं दिसत होती आणि त्यांच्यावरून एकच पाणी फिरत होतं. आत्याबाई इतक्या जवळ उभ्या राहिल्या की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी तो पुसला नाही.

मशीन थांबलं. काकांनी झाकण काढलं आणि एकेक ताट उजेडाकडे धरून वरून स्वच्छ पाणी ओतलं. चादर. चादर. सहाही वेळा पाणी सलग उतरलं, मोती औषधालाही नाही. मग आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी एक ताट उलटं केलं. दुसरं उलटं केलं. सहाही उलटी करून झाली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"ठिपका कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

"गेला," काका म्हणाले.

"गेला म्हंजे?"

"धुऊन गेला. वैनी, तुमीच सांगा, जे पानी नखपालिश ठिवत न्हाई, ते जंतू ठिवंल व्हय?"

आता, गरम पाण्यानं आणि साबणानं नखपालिश जात नाही. हे मला ठाऊक आहे, वाचणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण आत्याबाई सहा सारख्या ताटांकडे बघत होत्या आणि त्यातलं कोणतं आपल्या लेकीचं ते त्यांना काही केल्या सांगता येत नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं विज्ञान कानांनी ऐकून मी गप्प बसले.

संध्याकाळी आत्याबाईंनी पानं वाढायला घेतली. ताटं एकावर एक रचलेली. वरचं उचललं, मागून पाहिलं, खाली ठेवलं. असं सहाही ताटांचं झालं. रेखा सवयीनं मागच्या दाराकडे निघाली होती. आत्याबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तिकडं कुठं? इथं बस, चिऊपाशी." रेखा बसली. चिऊनं पहिल्या घासालाच तिच्या ताटातला पापड पळवला. आत्याबाईंचा हात वर उठला, क्षणभर तसाच राहिला आणि मग त्या हातानं त्यांनी रेखाच्या ताटात दुसरा पापड ठेवला. रेखानं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मी वाढता वाढता स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

सोमवारी सकाळी मी भिंतीपाशी गेले. काका कढीपत्त्याला पाणी घालत होते. आळ्यात कापसाचा एक लाल झालेला बोळा पडला होता आणि त्याला कोणता वास येतो ते मला विचारायची गरज नव्हती. मी बोळ्याकडे बोट केलं. काकांनी तो घाईघाईनं पायानं मातीत दाबला आणि मग हसले. बांगड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी नखपालिश काढायची बाटली आणली होती. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? काका म्हणाले, मपल्याच नखांसाठी. दुकानदार दिवसभर हसत असेल.

मी म्हणाले, की काका, डॉक्टरांनी तर आधीच सांगितलं होतं, ताटानं काही होत नाही. मशीनची तशी गरजच नव्हती.

"ते मला बी ठाऊक हाय. पन डाक्टरचं बोलनं कानात जातंय आन निघून जातंय. मशीन डोळ्याला दिसतंय." काकांनी तोटी बंद केली. "मला बी झाला हुता बाई, टीबी. सात वर्साचा आसंन. मायनं ताट येगळं केलं, तिचं काय चुकलं न्हाई. पुढं बरा झालो. डाक्टर म्हनला बरा झाला. पन ताट काय परत मिसळलं न्हाई."

"का?"

"इसरले. घरात धा मानसं, कामाचा रगाडा. कुनाच्या ध्यानातच राहिलं न्हाई. आन मी बी कुनाला म्हनलो न्हाई. नोकरी लागून इकडं येस्तोवर येगळाच जेवलो."

ते हे अगदी सहज सांगत होते, पिठल्याचे गुण सांगावेत तसे. काकांनी बादली उचलली आणि दुसऱ्या झाडाकडे गेले.

पुढच्या रविवारी काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी रेखाला काकांच्या वेगळ्या ताटाची गोष्ट सांगितली होती, आत्याबाईंना नाही. जेवणं झाली. चिऊ माझ्याच ताटात जेवली होती; आमची चार आणि काकूंचं एक अशी पाच ताटं आम्ही मशीनपाशी नेऊन ठेवली आणि काका मात्र आपलं ताट उचलून मोरीकडे चालू लागले. मी काकूंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यांचं ताट ते कुनाला धुऊ देत न्हाईत. लगीन झाल्यापासून. मशीनमदी बी घालत न्हाईत. माझ्या मोरीत त्यांना येवढ्यापुरतंच येऊ देते."

रेखा उठली. मोरीच्या उंबऱ्यापाशी तिनं काकांना गाठलं आणि त्यांच्या हातातलं ताट धरलं. काकांनी ते सोडलं नाही. दोघंही ताट धरून उभे होते.

"द्या काका," रेखा म्हणाली. "एक जागा मोकळी राहिली की पानी तिरपं जातंय."

काकांनी ताट सोडलं. रेखानं ते नेऊन आमच्या ताटांच्या मध्ये उभं केलं, झाकण लावलं आणि तोटी उघडली. एरवी फिरकी सुरू झाली की काका बोलायला लागतात, पाणी किती, जोर किती, गुण किती. त्या दिवशी ते बाजेच्या कडेला बसले आणि पाणी थांबेपर्यंत आपले रिकामे हात मांडीवर घेऊन नुसते बघत राहिले.